मेंदोसांची जमीन: तलवार थोडी, दावे फार

कास्तिलच्या राज्याचा आरमारप्रमुख दिएगो उर्तादो दे मेंदोसा 1404 साली ग्वादालाहारा शहरात वारला, तेव्हा त्याचा वारस जेमतेम पाच वर्षांचा होता. इन्यिगो लोपेस हे त्या पोराचं नाव. त्याच्या वाट्याला येणार होतं ते कागदावर तरी डोळे दिपवणारं होतं. वडिलांकडून इता आणि ब्वित्रागो ही दोन तटबंदीची गावं, त्यांच्या हाताखालची डझनावारी खेडी आणि माद्रिदच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी पसरलेली मांसानारेसची कुरणं. आईकडून पार उत्तरेच्या समुद्राकाठच्या हिरव्यागार दऱ्या. प्रत्यक्षात बापाचे डोळे मिटताच दावेदारांची रांग लागली. सावत्र बहीण, चुलत घराणी, शेजारचे सरदार, अशा सगळ्यांनाच आपापला हिस्सा आठवला. मुलगा लहान होता आणि आई विधवा.

पुढे हाच इन्यिगो सान्तियानाचा मार्केस म्हणून गाजला. स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. इटलीतला सुनीतांचा प्रकार कास्तिलच्या भाषेत रुजवू पाहणारा पहिला कवी तोच. पण साहित्याच्या इतिहासात त्याच्या जमिनीची हकिगत येत नाही, आणि ती त्याच्या कवितेइतकीच वाचनीय आहे. मध्ययुगीन स्पेनमधल्या सरदाराची मालमत्ता म्हटलं की मुसलमानी राज्यांशी लढून जिंकलेला मुलूख डोळ्यांसमोर येतो. मेंदोसांच्या बाबतीत तसं फारसं घडलं नाही. त्यांचा विस्तार झाला तो राजाच्या सनदांनी, लग्नाच्या करारांनी आणि पिढ्यान् पिढ्या चाललेल्या खटल्यांनी. त्यातले कळीचे डाव पुष्कळदा बायकांनी खेळले.

मेंदोसा मूळचे आलावाचे, म्हणजे बास्क मुलखातले. व्हितोरियाजवळ मेंदोसा नावाचं खेडं आहे आणि तिथला जुना बुरूज अजून उभा आहे. चौदाव्या शतकात अकराव्या आल्फोन्सोच्या काळात या घराण्यातला गोन्सालो यान्येस दक्षिणेकडे ग्वादालाहाऱ्यात आला आणि तिथल्या ओरोस्को घराण्यातल्या हुआनाशी लग्न करून स्थिरावला. इथूनच रीत पडली: परक्या मुलखात पाय रोवायचा तर तिथल्या जुन्या घरची मुलगी करायची.

त्यांचा मुलगा पेद्रो गोन्सालेस हा घराण्याच्या भाग्याचा खरा शिल्पकार. त्या वेळी कास्तिलमध्ये राजा पेद्रो आणि त्याचा अनौरस सावत्र भाऊ एन्रिके यांच्यात गादीसाठी यादवी पेटली होती. पेद्रो गोन्सालेसनं एन्रिकेची बाजू धरली. 1367 मध्ये नाहेराच्या लढाईत एन्रिकेचा धुव्वा उडाला आणि मेंदोसा राजा पेद्रोच्या मदतीला आलेल्या इंग्रज राजपुत्राच्या कैदेत पडला. दोन वर्षांनी मात्र फासे उलटले. राजा पेद्रो मारला गेला, एन्रिके गादीवर बसला आणि पडत्या काळात साथ देणाऱ्यांवर त्यानं गावंच्या गावं उधळली. त्या उदारपणामुळे त्याला पुढे ‘बक्षिसांचा एन्रिके’ असंच नाव पडलं. इता आणि ब्वित्रागो मेंदोसांकडे आली ती याच काळात. एन्रिकेच्या मुलानं, पहिल्या हुआननं, 1383 मध्ये त्यात मांसानारेसची भर घातली.

मिळवलेलं टिकवण्याची तजवीज पेद्रो गोन्सालेसनं आधीच, 1380 च्या सुमारास, करून ठेवली होती. त्यानं इता आणि ब्वित्रागोचा मायोराज्गो बांधला. मायोराज्गो म्हणजे राजाच्या परवानगीनं केलेली अशी व्यवस्था, की ठरावीक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या थोरल्या मुलाकडेच जाईल. ती विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही आणि धाकट्यांमध्ये वाटताही येणार नाही. कास्तिलच्या जुन्या रिवाजात सगळ्या मुलांना वाटा मिळे आणि दोन-तीन पिढ्यांत मोठ्या घराण्याचीही चिंधी होई. त्यावरचा हा तोडगा सरदारांनी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्यानं उचलला.

पाच वर्षांनी, ऑगस्ट 1385 मध्ये, पोर्तुगालच्या अल्जुबारोताच्या मैदानात कास्तिलच्या सैन्याची दाणादाण उडाली. पळून जाण्यासाठी राजाला पेद्रो गोन्सालेसनं स्वतःचा घोडा दिला आणि तो मागे थांबून मारला गेला, अशी कथा घराण्यानं पुढे अभिमानानं जपली. घोड्याची गोष्ट किती खरी हा प्रश्न वेगळा. तो त्या मैदानात पडला हे मात्र खरं, आणि मेंदोसांनी त्या मरणाचा उपयोग पुढे पिढ्यान् पिढ्या केला.

सनदांनी मिळालेली ही ‘मालकी’ नेमकी कशाची होती? इता गावातलं प्रत्येक शेत काही मेंदोसांचं नव्हतं. तिथे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनी होत्या, चर्चच्या होत्या, गावच्या सामाईक रानाचे हक्क होते. इताच्या यहुदी कुटुंबांचे द्राक्षमळे होते. राजानं सरदाराला दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे अधिकार: न्यायाधीश नेमण्याचा, दंड वसूल करण्याचा, गुन्हेगाराला फासावर चढवण्याचा, जकात नाक्यावर माणूस बसवण्याचा. शिवाय काही वार्षिक पट्ट्या होत्या. विक्रीकरासारखे कर खरं तर राजाचे, पण राजा दुबळा असला की तेही सरदाराच्याच पेटीत पडत. म्हणून त्या काळचे दस्तऐवज एखाद्या जहागिरीचं माप एकरांत देत नाहीत, ‘इतकी रयत’ असं देतात.

ब्वित्रागोचं उदाहरण घ्या. लोसोया नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं हे गाव सोमोसिएरा खिंडीच्या वाटेवर आहे. कास्तिलमध्ये मेंढपाळांचे प्रचंड कळप उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या गवताळ मुलखात जात. मेस्ता या त्यांच्या संघटनेला 1273 मध्ये राजाश्रय मिळाला होता. खिंडीच्या तोंडाशी ज्याचं ठाणं, त्याला जाणाऱ्या-येणाऱ्या कळपांकडून चराईपट्टी आणि मालावर जकात. वर मेंदोसांचे स्वतःचेही कळप होते. मांसानारेसच्या कुरणांना तर त्याहून जुना इतिहास. माद्रिद आणि सेगोविया ही दोन शहरं त्या गवतासाठी आणि लाकडासाठी शतकभर भांडत होती. शेवटी तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजानं तो टापू स्वतःकडेच घेतला, म्हणून त्याचं नाव ‘रेआल’, म्हणजे राजाचं, मांसानारेस. दोघांच्या भांडणात राजाचं झालेलं हे रान शंभर वर्षांनी मेंदोसांकडे आलं.

आता आईकडची बाजू. लेओनोर दे ला वेगा ही आजच्या कान्ताब्रिया प्रांतातल्या वेगा घराण्याची एकुलती वारस. तिच्या घरातले पुरुष अंथरुणात मरत नसत, असंच म्हणावं लागेल. पणजोबा गार्सिलासो, राजाचा प्रांताधिकारी, 1326 मध्ये सोरिया शहरात चर्चमध्येच कापला गेला. आजोबा दुसरा गार्सिलासो याला 1351 मध्ये राजा पेद्रोनं बुर्गोसच्या राजवाड्यात बोलावून मारलं. इतिहासकार पेरो लोपेस दे आयालानं त्या दिवसाचं वर्णन करून ठेवलंय: राजा शहरात आल्याच्या आनंदात बाहेर चौकात बैल सोडले होते; गार्सिलासोचं प्रेत खाली फेकलं गेलं आणि बैल त्याच्यावरून धावले. लेओनोरचा बाप, तिसरा गार्सिलासो, नाहेराच्या त्याच 1367 च्या लढाईत पडला, जिथे तिचा भावी सासरा कैद झाला होता. तिचा पहिला नवरा हुआन तेयेसही अल्जुबारोताला मारला गेला, म्हणजे तो आणि तिचा पुढचा सासरा एकाच दिवशी एकाच मैदानात गेले.

मागे उरली जमीन, आणि ती सांभाळणाऱ्या बायका. 1352 मध्ये राजाच्या हुकमावरून उत्तर कास्तिलमधल्या दोन हजारांहून अधिक गावांची जी नोंदवही तयार झाली, तिच्यात कुठलं गाव कुणाला काय देतं हे टिपलेलं आहे. तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेगांच्या बाजूच्या सान्तियानाच्या मुलखात हक्कांची गुंतागुंत विलक्षण होती. काही गावं थेट राजाची, काही मठांची, काही सरदारांची, तर काहींना आपला धनी आपण निवडण्याचा हक्क. अशा ठिकाणी ‘हे माझं’ म्हणणं सोपं होतं, सिद्ध करणं कठीण.

दिएगो उर्तादोशी लेओनोरचं लग्न 1387 मध्ये झालं. दोघांचंही ते दुसरं. नवऱ्याला पहिल्या बायकोपासून, म्हणजे राजा एन्रिकेच्या अनौरस मुलीपासून झालेली आल्दोन्सा नावाची मुलगी होती. लेओनोरलाही पहिल्या नवऱ्याची मुलगी होती. योगायोग असा की तिचंही नाव आल्दोन्साच. या दोन सावत्र बहिणी, एक बापाकडची आणि एक आईकडची, इन्यिगोला आयुष्यभर पुरल्या. बापाच्या लेकीनं दक्षिणेत मांसानारेसवर दावा लावला. आईची लेक मान्रिके घराण्यातल्या गार्सी फेर्नान्देसला दिलेली. त्या जोडप्यानं उत्तरेत लिएबाना आणि वेगांच्या दऱ्यांवर हक्क सांगितला. मुलगा दोन्हीकडून पिचला.

लेओनोर डगमगली नाही. तिनं कारिओन इथून कारभार हाती घेतला, राजदरबारी अर्जांमागून अर्ज केले, दऱ्यांमधली ठाणी माणसं नेमून राखली आणि वेळ पडली तेव्हा हत्यारबंद माणसंही उभी केली. मुलाला तिनं काही काळ आपल्या आईकडे, मेन्सिया दे सिस्नेरोसकडे ठेवलं. त्या आजीच्या घरी जुन्या गालिसियन-पोर्तुगीज गीतांची एक जाडजूड वही होती. लहानपणी पाहिलेली ती वही इन्यिगोला इतकी लक्षात राहिली, की पन्नाशीच्या सुमारास पोर्तुगालच्या एका राजपुत्राला काव्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यानं तिची आठवण नोंदवली.

पण लेओनोरचा सगळ्यात हुशार डाव होता सोयरिकीचा. 1408 मध्ये तिनं सान्तियागो या लढवय्या धर्मसंघाचा प्रमुख लोरेन्सो सुआरेस दे फिगेरोआ याच्याशी बोलणी पक्की केली. हे चक्क साटंलोटं होतं: दहा वर्षांच्या इन्यिगोला लोरेन्सोची मुलगी कातालिना, आणि इन्यिगोची बहीण एल्विरा लोरेन्सोच्या मुलाला, गोमेसला. सान्तियागोचा प्रमुख म्हणजे शेकडो गावांचा आणि किल्ल्यांचा धनी, दरबारात ज्याच्या शब्दाला वजन अशी असामी. अनाथ पोराला एका करारात पाठीराखाही मिळाला आणि आंदणही. लोरेन्सो पुढच्याच वर्षी वारला, पण त्याची सोयरीक इन्यिगोच्या कामी येत राहिली.

सावत्र बहीण आल्दोन्सा मात्र मागे हटली नाही. ती आर्होनाच्या ड्यूकची बायको, स्वतः राजाच्या मुलीची मुलगी. नवरा 1430 मध्ये राजाच्या कैदेत मेला, मूलबाळ नव्हतं, तरी तिनं भावाशी समेट केला नाही. 1435 मध्ये ती गेली तेव्हा तिचं मृत्युपत्र भावाला डावलून मान्रिकेंच्या बाजूनं होतं. कोगोयूदो गावावरून दोन्हीकडची माणसं हत्यारं घेऊन समोरासमोर आली आणि राजाला मध्ये पडावं लागलं. आल्दोन्साचं संगमरवरासारखं गुळगुळीत अलाबास्टरचं थडगं लुपियानाच्या मठात होतं. आज ते ग्वादालाहाऱ्याच्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय भरतं इन्यिगोच्या नातवानं बांधलेल्या राजवाड्यात. जिनं भावाच्या वंशाला एक वीट द्यायची नाही असं ठरवलं होतं, ती त्याच वंशाच्या छपराखाली विसावली आहे.

मान्रिके हे परके नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. इन्यिगोची आत्या हुआना दे मेंदोसा ही त्या घरात दिलेली. तिची एक आख्यायिका स्पेनमध्ये आजही सांगतात. पहिला नवरा अल्जुबारोताला गेल्यावर आल्फोन्सो एन्रीकेसनं तिला मागणी घातली. तिनं अपमान करून नकार दिला, तेव्हा त्यानं तिच्या थोबाडीत मारली. त्यावर हुआनानं धर्मगुरूला बोलावून जागच्या जागी त्याच्याशी लग्न लावलं. नवरा नसलेल्या पुरुषानं आपल्यावर हात टाकला असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. कथा रचलेली असेल, पण लग्न खरं. भाऊ दिएगो उर्तादो वारल्यावर आरमारप्रमुखाचं पद याच आल्फोन्सोकडे गेलं आणि मेंदोसांच्या हातून कायमचं निसटलं. त्या जगात शत्रू आणि आप्त अशी दोन वेगळी माणसं क्वचितच असत.

इन्यिगो मोठा झाला तो अशा काळात, जेव्हा राजा दुसरा हुआन नावाला गादीवर होता आणि खरी सत्ता त्याचा लाडका आल्वारो दे लूना आणि राजाचे आरागोनचे चुलतभाऊ यांच्या रस्सीखेचीत अडकली होती. इन्यिगो कधी या बाजूला होता, कधी त्या. साहित्याचे अभ्यासक त्याच्या या फिरतेपणाबद्दल थोडे अवघडून बोलतात. जमिनीच्या हिशेबानं पाहिलं तर त्यात विलक्षण सुसंगती दिसते: जो पक्ष त्याचे दावे मान्य करील, तो त्याचा. 1429 मध्ये आरागोनच्या सरहद्दीवर तो राजाच्या बाजूनं लढला आणि आराव्हियानाच्या चकमकीत हरलाही. पुढच्या वर्षी राजानं त्याला आरागोनच्या चुलतभावांकडून जप्त केलेल्या मुलखातली ग्वादालाहाऱ्याजवळची गावं दिली. 1438 मध्ये ग्रानादाच्या सरहद्दीवर वेल्मा हा किल्ला त्यानं जिंकला. मुसलमानी राज्यावरचा हा त्याचा सर्वांत मोठा विजय, पण त्यातून घराण्याच्या जमिनीत काही मोठी भर पडली नाही. 1441 मध्ये तो राजाविरुद्ध होता. तोरोते ओढ्याजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला.

खरा सौदा झाला 1444-45 मध्ये. युवराज एन्रिकेला सरदारांची मोट बांधायची होती. इन्यिगोनं आपली किंमत सांगितली: उत्तरेतला सान्तियानाचा मुलूख, ज्यासाठी त्याच्या आईनं 1432 मध्ये मरेपर्यंत झगडा दिला होता, तो निर्विवाद आपल्या नावे हवा. शब्द मिळाला. मे 1445 मध्ये ओल्मेदोच्या लढाईत तो राजाच्या बाजूनं उभा राहिला, आणि ऑगस्टमध्ये त्याला सान्तियानाचा मार्केस आणि रेआल दे मांसानारेसचा काउंट असे दोन किताब एकदम मिळाले. कास्तिलमध्ये तेव्हा मार्केस हा किताब अगदी दुर्मीळ होता. या दोन किताबांतल्या जागा पाहा. एक आईकडची, मान्रिकेंशी वादातली. दुसरी बापाकडची, आल्दोन्साशी वादातली. आयुष्यातल्या दोन सर्वांत लांब खटल्यांच्या निकालावर त्यानं राजाचा शिक्का उमटवून घेतला होता.

लिएबानातल्या पोतेस गावात एक जाडजूड चौकोनी बुरूज आहे. त्याला आज ‘इन्फान्तादोचा बुरूज’ म्हणतात, म्हणजे इन्यिगोच्या मुलाला मिळालेल्या किताबाच्या नावानं. दरीत कुठूनही तो नजरेस पडतो. कर भरायला आलेल्या शेतकऱ्याला आणि शेजारच्या सरदाराला एकाच वेळी सांगायचं ते सांगून टाकणारी ही वास्तू. मेंदोसांनी इताची तटबंदीही 1441 च्या सुमारास नव्यानं बांधली आणि वेशीवर आपलं कुलचिन्ह कोरलं.

या माणसाचा चेहरा पाहायचा तर माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जावं लागतं. ब्वित्रागोच्या रुग्णालयाच्या प्रार्थनागृहासाठी त्यानं होर्हे इंग्लेस या चित्रकाराकडून वेदीमागचा भव्य चित्रफलक करवून घेतला. 1455 च्या मृत्युपत्राच्या पुरवणीत चित्रकाराचं नाव आहे. फलकाच्या मध्यभागी बसवायची मारियेची मूर्ती मेदिना देल काम्पोच्या जत्रेतून आणवली होती हेही आहे. वरच्या भागात देवदूतांच्या हातात पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावर मार्केसनं स्वतः रचलेलं मारियेचं स्तोत्र. खाली एका बाजूला तो गुडघे टेकून बसलाय. गडद कपडे, आखूड कापलेले केस, लांबट, थकलेला चेहरा आणि मागे एक पोरसवदा सेवक. दुसऱ्या बाजूला कातालिना, साटंलोट्यातली ती मुलगी, आता चार दशकांच्या संसारानंतर. चित्र झालं त्या सुमारासच, 1455 मध्ये, ती वारली.

जमिनीच्या उत्पन्नातला मोठा भाग पुस्तकांवर खर्च होई. फ्लोरेन्सहून हस्तलिखितं मागवली जात. लॅटिन त्याला फारसं येत नसे, म्हणून दान्ते, व्हर्जिल, प्लेटो यांची भाषांतरं तो करवून घेई. सालामान्काला शिकणाऱ्या मुलाला, पेद्रोला, त्यानं इलियड भाषांतरित करून द्यायला सांगितलं. 1453 मध्ये आल्वारो दे लूनाचं मस्तक वायादोलिदच्या चौकात उडवलं गेलं तेव्हा या कवीनं एक लांबलचक कविता लिहिली. तीत मेलेला लूनाच आपल्या हावरेपणाची कबुली देतो. दुसऱ्याच्या जमिनीच्या हव्यासावर लिहायला त्या काळी इन्यिगोहून अधिकारी माणूस सापडणं कठीण होतं.

मार्केस 25 मार्च 1458 रोजी ग्वादालाहाऱ्यात वारला. त्याला दहा मुलं. बापाच्या बाबतीत झालेला घोळ आपल्या मागे होऊ नये याची त्यानं काळजी घेतली होती. थोरल्या दिएगोला मायोराज्गोची सगळी मुख्य ठाणी. धाकट्यांनाही रिकाम्या हातानं ठेवलं नाही. मुख्य इस्टेटीच्या बाहेर मिळवलेली तेन्दिया, तामाहोन अशी गावं त्यांना वाटून दिली, म्हणजे कुणाला थोरल्याविरुद्ध कोर्टात जायचं कारण उरू नये. मुलींची लग्नंही अशीच नेमकी. मेन्सिया बुर्गोसच्या बेलास्को घराण्यात, लेओनोर मेदिनासेलीच्या काउंटला, मारिया आन्दालुसियातल्या रिबेरांच्या घरी. म्हणजे उत्तर, मध्य आणि दक्षिण, तिन्ही दिशांना सोयरे. मेन्सियानं बुर्गोसमध्ये बांधलेल्या वाड्यात 1497 मध्ये राणी इसाबेल आणि राजा फेर्नान्दो यांनी कोलंबसची भेट घेतली.

सगळ्यांत मासलेवाईक सोयरीक झाली मार्केसच्या मृत्यूनंतर. त्याच्या नातवाचं, आजोबाचंच नाव असलेल्या इन्यिगोचं, लग्न 1460 च्या सुमारास मारिया दे लूनाशी झालं. ही आल्वारो दे लूनाची लेक. ज्याच्या पतनावर आजोबानं कविता रचली, त्याचीच मुलगी आपल्या वारसाहक्कासह मेंदोसांच्या घरात आली.

पुढच्या पिढीनं कमाल गाठली. थोरला दिएगो राजा चौथ्या एन्रिकेच्या मुलीचा, हुआनाचा, पालक होता. तिला काही वर्षं ब्वित्रागोच्या किल्ल्यात मेंदोसांच्या देखरेखीखाली ठेवलं होतं. त्या सेवेच्या मोबदल्यात त्याला इन्फान्तादोची गावं मिळाली: आल्कोसेर, साल्मेरोन आणि व्हाल्देओलिवास. नंतर हुआना आणि तिची आत्या इसाबेल यांच्यात गादीचा वाद पेटला तेव्हा मेंदोसा इसाबेलच्या बाजूनं गेले आणि 1475 मध्ये दिएगो इन्फान्तादोचा पहिला ड्यूक झाला. ज्या मुलीला सांभाळण्याबद्दल गावं मिळाली, तिच्याविरुद्ध उभं राहण्याबद्दल त्याच गावांच्या नावानं किताब मिळाला. इलियड भाषांतरित करणारा पेद्रो कार्डिनल झाला आणि इसाबेलच्या दरबारात ‘स्पेनचा तिसरा राजा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याला मुलं होती. राणीनं ती औरस ठरवून दिली आणि त्यांच्यासाठी कार्डिनलनं वेगळ्या जहागिरी उभ्या केल्या. मार्केसचा तेन्दियाच्या शाखेतला नातू 1492 मध्ये आल्हाम्ब्राचा पहिला किल्लेदार झाला आणि त्याचा मुलगा आन्तोनियो 1535 मध्ये मेक्सिकोत स्पेनचा पहिला व्हाइसरॉय. मांसानारेसला 1475 पासून दगडी किल्ला उभा राहिला, ग्वादालाहाऱ्यात हिऱ्याच्या पैलूंसारख्या टोकदार दगडांनी मढवलेला राजवाडा. दोन्हीकडे हुआन ग्वास या वास्तुकाराचा हात आहे.

एवढं सगळं झालं, पण उत्तरेतल्या दऱ्या शांत नव्हत्या.

तिथल्या लोकांनी मार्केसच्या हयातीतच त्याच्या अधिकाऱ्यांना विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही राजाची रयत आहोत, कुण्या सरदाराची नाही, वेगा घराण्याची आमच्यात थोडीफार जमीन होती, त्यावरून आमच्यावर न्याय करण्याचा अधिकार सिद्ध होत नाही. बळानं दडपले जाऊनही हा दावा विझला नाही. सोळाव्या शतकात तो वायादोलिदच्या वरिष्ठ न्यायालयात पद्धतशीर लढला गेला. कामार्गो, पिएलागोस, काबेसोन, काबुएर्निगा, रेओसिन, कायोन, पेनागोस, बियाएस्कुसा आणि आल्फोस दे योरेदो या नऊ दऱ्या एकत्र आल्या. त्यांनी वर्गण्या काढल्या, वकील दिले, जुने कागद धुंडाळले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या. समोर होता स्पेनमधल्या सर्वांत धनाढ्य घराण्यांपैकी एकाचा प्रमुख, इन्फान्तादोचा ड्यूक. ज्या हत्यारानं लेओनोरनं आपल्या मुलाची जमीन राखली, तेच हत्यार आता तिच्या वंशजांवर चाललं.

1581 मध्ये अंतिम निकाल दऱ्यांच्या बाजूनं लागला. त्या राजाच्या ठरल्या. न्यायाधीश नेमण्याचा ड्यूकचा अधिकार गेला. सगळा उत्तर मुलूख मात्र त्याच्या हातून सुटला नाही. लिएबाना आणि तोरेलावेगाचा परिसर ड्यूककडेच राहिला आणि तिथली सरदारी संपायला 1811 मध्ये कादिसच्या संसदेनं जहागिरीचे न्यायाधिकार रद्द करेपर्यंत वाट पाहावी लागली. मायोराज्गो त्यानंतर पंचवीस वर्षांनी कायमचे बंद झाले. इन्फान्तादोचा किताब आणि मिळकत 1841 मध्ये ओसुनाच्या ड्यूककडे गेली. त्या घराण्यातल्या मारियानो तेयेस-हिरोन या ड्यूकनं उधळपट्टीनं दोन-तीन घराण्यांची दौलत संपवली. तो 1882 मध्ये कर्जबाजारी होऊन मेला आणि दोन वर्षांनी मार्केसची हस्तलिखितं सरकारनं विकत घेतली. ती आता माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

खटला जिंकल्यावर नऊ दऱ्यांनी एकत्र येणं सोडलं नाही. त्यांचे प्रतिनिधी पुएन्ते सान मिगेल इथल्या सभागृहात जमत राहिले, सामाईक खर्चाचे हिशेब मांडत राहिले. 28 जुलै 1778 रोजी त्याच गावात आजूबाजूच्या आणखी दऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी एकच प्रांत स्थापन करण्याचं ठरवलं आणि त्याला कान्ताब्रिया असं नाव दिलं. आजच्या कान्ताब्रिया स्वायत्त प्रांतात 28 जुलैला सरकारी सुट्टी असते.